मोऱ्या

गुरुवारी पहाटे सव्वासहाला
ओरेस्ट प्रिस्टुपा माझ्या दाराशी गाडी लावतो.
हॉर्न वाजवत नाही.
उणे एकतीस. माझ्या बाजूची सीट
त्याने आधीच तापवून ठेवलेली असते.
डायलिसिस नऊला. शहर एकशे बारा किलोमीटर.

डाब्रोव्स्कींचं कुंपण संपलं
की स्टिअरिंगवरचं एक बोट वर होतं:
"ही अठ्ठ्याहत्तरची."
बाहेर नुसता बर्फ. पण बर्फाखाली रस्ता आहे,
रस्त्याखाली मोरी आहे,
आणि त्या मोरीपायी त्याने राजधानीत
एका बांधकाममंत्र्याचं जेवण थंड केलं होतं.
अशा चोवीस. आम्ही त्याला मोरीवाला म्हणायचो,
आधी पाठीमागे, मग तोंडावर.
मग तो स्वतःच भाषणांत म्हणायला लागला
आणि आमची मजा गेली.

वीस वर्षं विधानसभेत, मागच्या ओळीत, खांबाआड.
एकदा वाटलं, कृषिमंत्री होणार.
इरेनने निळ्या कोटाला इस्त्री केली,
फोन टेबलाच्या मधोमध आणून ठेवला.
वाजला तो रात्री साडेनऊला:
मेल्निकांची गाय रुळांवर बसलीय,
रेल्वेत कुणाशी बोलशील का?
तो कुणाशीच बोलला नाही.
दोर घेऊन गेला. निळ्या कोटातच.

लग्नांत नाचला. मयतीला
खड्डा खणणाऱ्यांना कॉफी नेऊन दिली.
कुठे पाणी मुरतंय ते त्याला बरोबर कळायचं,
शेतातलं, तसंच पक्षातलं.
शेतातलं तेवढं बोलून दाखवायचा.

मग ते वर्ष. सरकारी तिजोरीत खडखडाट.
बावीस गावांची इस्पितळं बंद करायची,
यादीत सतरावं आमचं.
माझी तिन्ही मुलं तिथं झाली. त्याची दोन.
सभापती एकेक नाव पुकारत होते.
त्याचं आलं. तो "हो" म्हणाला.
मी रेडिओशेजारी बटाटा सोलत होते.
साल तुटली नाही, एवढं आठवतं.

रात्रभर गाडी हाकत तो परत आला
आणि सकाळी सातला कोऑपच्या टेबलाशी हजर.
त्याच्या खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं.
तेच वाईट होतं.
ग्लेन हॉफरने न बघता साखर पुढे सरकवली.
पक्षाचा आदेश होता, माझा नाइलाज होता,
असं काही तो म्हणाला असता
तर आम्ही त्याला शिव्या घातल्या असत्या,
आणि शिवी घातली की माणूस परत आपला होतो.
तो कॉफी प्यायला. पैसे ठेवले. गेला.

पुढच्या निवडणुकीत एकेचाळीस मतांनी पडला.
त्यातलं एक माझं.
हे त्याला ठाऊक आहे, मतांचा माणूस आहे तो.
तरी दर गुरुवारी ही तापलेली सीट.
पेट्रोलचे पैसे दिले तर
ते पुढच्या आठवड्यात माझ्या टपालपेटीत सापडतात.

जुन्या इस्पितळात आता बियाण्यांचं गोदाम आहे.
तिथून जाताना बोट वर होत नाही.
तो हीटरचं बटण उगाच फिरवतो,
आणि मी माझ्या बाजूच्या खिडकीतून
काही नसलेलं शेत बघते.

काल एप्रिलचा पहिला गुरुवार.
नवव्या मैलावर त्याने गाडी थांबवली,
अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा उताराने खाली गेला,
काठीने गवताचा बोळा ओढून काढला.
आणि मग ऐकू आलं: पाणी,
या बाजूने त्या बाजूला, गडगडत,
कुणाचीही परवानगी न घेता.
मला दिवसाला चार कप पाणी चालतं.
मी काच खाली केली आणि ऐकत राहिले.

"उशीर होईल, ओरेस्ट."
"हो," तो म्हणाला.
पण आणखी थोडा वेळ तिथंच उभा राहिला,
बूट भिजवत.